गोव्याची फेरीबोट : रिव्ह्यू (बीचवाल्यांनी पण वाचा)

आधी रेटिंग टाकतो म्हणजे ज्यांना पुढचं पुराण वाचायचं नाही ते मोकळे. गोव्याच्या सरकारी फेरीबोटी, ५ पैकी साडेचार. चालत जाणाऱ्याला तिकीट नाही, चारचाकीला जे काय थोडे पैसे लागतात तेवढ्यात बीच शॅकवर पाण्याची बाटलीपण येत नाही, आणि त्या पाच-दहा मिनिटात गोवा जेवढा कळतो तेवढा कलंगुटला चार दिवस पडून राहून कळणार नाही असं माझं ठाम मत आहे.

मी बेळगावचा आणि सासुरवाडी डिचोली, त्यामुळं गोव्याला जायचं म्हणजे चोर्ला घाट उतरून साखळीवरून डिचोलीत, मग सासऱ्यांकडं चहा, मग पुढं जमलं तर समुद्र. ऑफिसातले विचारतात यावेळी कुठला बीच, त्यांना कसं सांगणार की बऱ्याचदा बीच होतच नाही. चोर्ल्याच्या वरून खाली बघितलं तर अख्खं राज्य जिन्यासारखं उतरत जातं, वर सह्याद्री आणि जंगल, मग चिऱ्याचे सडे आणि मधेमधे मायनिंगचे तांबडे डोंगर, मग नद्यांच्या काठची सखल शेतं, आणि अगदी खाली वाळूची ती एक बारीक पट्टी ज्याला बाकीचा देश गोवा म्हणतो. ३,७०२ चौरस किलोमीटरचं राज्य आहे ओ, आमच्या बेळगाव जिल्ह्यात तीनदा आरामात बसेल. पण त्यात नद्या किती, तेरेखोल, शापोरा, मांडवी, जुवारी, साळ, तळपण, गालजीबाग, आणि एकट्या मांडवी-जुवारीच्या खोऱ्यातच राज्याचा जवळजवळ ७० टक्के भाग येतो. म्हणजे गोव्याचं पोट नद्यांवर आहे, समुद्र हे दाखवायचं तोंड. आणि नदी बघायची तर पुलावरून बघून उपयोग नाही, पुलावर आपण ऐंशीच्या स्पीडला असतो आणि बायको मॅप बघत असते.

माझी फेव्हरेट लाइन रायबंदर-चोडण. डिचोलीहून पणजीला जायला मयेवरून चोडण बेटात शिरायचं, बेट पार करायचं आणि फेरीनं रायबंदरला उतरायचं, सासरचे सगळे वर्षानुवर्षं हेच करतात. २०२५ च्या जुलैपासून या लाइनला मोठ्या रो-रो बोटी आल्यात, एका फेऱ्यात बऱ्याच गाड्या जातात त्यामुळं आधीपेक्षा बरं आहे, पण जुन्या बोटीची मजा वेगळी. सपाट डेक, समोर लोखंडी रॅम्प, वर केबिन, बाजूला बसायला बाकडी, आणि बोट धक्क्याला टेकायच्या आत पंचवीस स्कूटर स्टार्ट होतात तो आवाज. बोट चालवणारे मास्तर लोक करंट असताना, भरती-ओहोटी चालू असताना रॅम्प असा टेकवतात की धक्का लागत नाही, आणि तोंडावर काही भाव नाही, रोजचं काम. या स्किलला वेगळे मार्क द्यायला पाहिजेत.

मधे पोचल्यावर फोन खिशात घाला आणि बघा. चोडणच्या टोकाला खारफुटीचं दाट जंगल दिसतं ते सलीम अली पक्षी अभयारण्य, १९८८ चं, जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर. फेरीतून उतरलं की गेट लगेचच आहे. पलीकडं पणजीकडून रायबंदरला येणारा जो सरळसोट रस्ता आहे, एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला जुनी मिठागरं आणि खारफुटी, तो पोर्तुगीजांनी १६३३-३४ मधे बांधलेला, तीन किलोमीटरच्या वर लांब, आणि आज त्याच्यावरून सिटी बस पळतात. आपल्याकडं मागच्या वर्षी केलेला रस्ता या पावसात दिसत नाही, पण ते जाऊदे.

चोडणला उतरून बेटातून गाडी घातली की खरी गंमत चालू होते आणि बहुतेक टुरिस्ट ती न बघता फोटो काढून परत फिरतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूला जी सपाट शेतं दिसतात ती खाजनं. ही जमीन भरतीच्या पाण्याच्या लेव्हलच्या खाली आहे, म्हणजे बांध नसता तर दिवसातून दोनदा खाऱ्या पाण्यात गेली असती. शेकडो वर्षांपूर्वी लोकांनी माती, चिरे, खारफुटीच्या फांद्या वापरून बांध घातले आणि त्याला मानस बसवली, मानस म्हणजे लाकडी दारांचं गेट, भरती आली की पाण्याच्या दाबानं दारं आपोआप बंद, ओहोटी लागली की आतलं पाणी दारं ढकलून बाहेर. ना मोटर ना वायर. पावसात गोडं पाणी साठलं की कोरगुट नावाचा खारं पाणी सहन करणारा भात, भात निघाला की तिथंच मासळी, ओहोटीला मानशीच्या तोंडाला जाळं लावायचं आणि सुंगटं म्हणजे कोळंबी, शेवटे मासे, कुर्ल्या म्हणजे खेकडे काढायचे. मानशीवर मासळी धरायच्या हक्काची पावणी म्हणजे लिलाव होतो, त्या पैशातून बांधाची डागडुजी. पूर्वी हे सगळं गावकरी म्हणजे गावची सामाईक संस्था बघायची, पोर्तुगीज आल्यावर तिचंच कोमुनिदाद झालं. अशी खाजनं गोव्यात साधारण १८ हजार हेक्टर आहेत म्हणतात, राज्य केवढं आणि त्यात हे केवढं, हिशोब करा.

आता अडचण अशी की बांध दुरुस्त करायला माणसं लागतात आणि भातात पैसा नाही. बांध एकदा फुटला आणि वेळेत बांधला नाही की खारं पाणी आत, मग भात गेला, पाच-सात वर्षांत तिथं खारफुटी उभी, आणि खारफुटी आली की कायद्यानं तिला हात लावता येत नाही. टुरिस्टला ते हिरवंगार बघून वाटतं वा काय निसर्ग, आणि शेजारी उभा राहिलेला म्हातारा सांगतो की इथं आमचं शेत होतं. मला इथं कुणाची बाजू घ्यावी कळत नाही, पक्ष्यांची पण बरोबर आणि म्हाताऱ्याची पण. ज्याची मुळीच बरोबर नाही तो म्हणजे बांध फुटायची वाट बघत बसलेला जमीनवाला.

आणि बार्जेस, म्हणजे माल वाहणाऱ्या सपाट बोटी. मायनिंगच्या काळात मांडवीत फेरीला बार्जसाठी थांबावं लागायचं, सासरे सांगतात, एकामागं एक, प्रत्येकीत हजार-दोन हजार टन लोखंडाची माती, डिचोली-सत्तरीच्या खाणींतून टिपरनं नदीकाठी आणायची, बार्जमधे ओतायची, आणि नदीतून मुरगाव बंदरात नाहीतर खोल समुद्रात उभ्या मोठ्या जहाजावर. पावसाळ्यात मांडवीचं तोंड आग्वादला वाळूच्या दांड्यामुळं बंद, मग काय करायचं, तर कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत शिरायचं आणि तिकडून मुरगावला. दोन नद्या आतून जोडणारी ती पंधरा-एक किलोमीटरची वाट नसती तर पावसात धंदा बसला असता. (त्याच कालव्यात मगरी आहेत, टुरिस्टना दाखवायला बोटी नेतात.) पन्नास-साठ वर्षं हे चाललं, आधी जपानला माल जायचा, मग २००० नंतर चीननं हलक्या प्रतीची माती पण उचलायला सुरुवात केली आणि सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी बसली, २०१०-११ मधे निर्यात ५ कोटी टनांच्या आसपास गेली होती. या एवढ्याशा राज्यातून!

आमच्या मेव्हण्यानं त्याच जोरात लोन काढून टिपर घेतला. २०१२ ला बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या शाह कमिशनचा रिपोर्ट आला, सप्टेंबरमधे राज्य सरकारनं खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टानं, आणि टिपर दारात उभा. २०१४ ला कोर्टानं वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी दिली, जरा हालचाल झाली, तोवर फेब्रुवारी २०१८ ला ८८ लीज रद्द. टिपरच्या हौद्यात गवत उगवलं होतं, खोटं सांगत नाही. कितें सांगू भावजी, एवढंच म्हणायचा आणि विषय बदलायचा. पण त्याच घरात सासूबाई सांगतात की मायनिंग जोरात असताना अंगणात कपडे वाळत घालता येत नव्हते, विहिरीचं पाणी खाली गेलं, शेतात खाणीचा गाळ येऊन भात पिवळा पडायचा, आणि रस्त्यावर टिपरखाली माणसं गेली ती वेगळीच. एकाच टेबलावर जेवताना दोन्ही बाजू ऐकल्यात त्यामुळं मला टीव्हीवरची चर्चा ऐकवत नाही. लिलाव होऊन आता काही ब्लॉक परत चालू झालेत, २०२४ पासून डिचोलीकडं खाण सुरू आहे, पण मेव्हणा परत गेला नाही, तो वेर्ण्याच्या औषध कंपनीच्या कामगारांची बस चालवतो. महिन्याला पगार, पीएफ, दिवाळीला मिठाईचा बॉक्स. गोव्यात औषध कंपन्या केवढ्या आहेत हे बाहेरच्यांना माहीतच नसतं, सगळ्यांना वाटतं काजू आणि फेणीवर चाललंय. तिकडं जुवारीवर पण फेरी आहे, मडकई-कुठ्ठाळी, फोंड्याच्या बाजूची माणसं त्यातून कामाला येतात, सकाळच्या बोटीत सगळ्यांच्या गळ्यात कंपनीची आयडी कार्डं.

पणजी-बेती लाइन सगळ्यात सोपी, पणजीत असाल आणि तासभरच असेल तर हीच करा. सूर्य मावळायच्या वेळी जा. एका बाजूला कॅसिनोची जहाजं दिव्यांनी लखलखलेली, आणि बेतीला उतरून थोडं चाललात की मालीम जेटी, ट्रॉलर्सची रांग, बर्फाच्या गाड्या, बांगडा-तारलीचे क्रेट, वास. जाळी ओढणारे बरेचसे ओडिशा, झारखंडकडचे, मालक गोव्याचे, मासे खाणारे आपण. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद, त्या दिवसात जेटीवर शुकशुकाट आणि हॉटेलात माशाच्या थाळीचा रेट वर, कार्डावर ताजं लिहिलं असेल तर हसून घ्यायचं. याच नदीत पणजीहून संध्याकाळच्या क्रूझ सुटतात, एकदा पाहुण्यांच्या आग्रहाखातर अशा एकीवर गेलो होतो, नाव सांगत नाही, माणशी चांगले पैसे घेतले आणि तासभर डीजे, कपल डान्स, किड्स डान्स, सगळे स्टेजकडं तोंड करून आणि नदीकडं पाठ. तिच्या शेजारून फेरीबोट फुकटात चालली होती आणि त्यातले लोक नदी बघत होते.

पूल पडला ती गोष्ट इथंच सांगायला पाहिजे. मांडवीवर पहिला पूल १९७० ला झाला आणि ५ जुलै १९८६ ला कोसळला, भर पावसात. नवीन पूल यायला १९९२ उजाडलं. मधली सहा वर्षं उत्तर गोव्याची माणसं, ऑफिसवाले, कॉलेजची पोरं, कशावर आली गेली असतील? फेरीवर. सासरे तेव्हा पणजीत नोकरीला, म्हणतात रांग एवढी असायची की पेपर पहिल्या पानापासून छोट्या जाहिरातींपर्यंत वाचून व्हायचा. आता २०१९ चा अटल सेतू धरून शेजारी शेजारी तीन पूल आहेत आणि तरी ट्रॅफिक जाम, आणि खाली बेतीची बोट चालूच.

दिवाडीला मात्र निवांत वेळ काढून जा, अर्धा दिवस तरी. बेटाला पूल नाही, तीन बाजूंनी फेऱ्या, जुन्या गोव्याहून, रायबंदरहून आणि पलीकडून नार्वेहून. जुन्या गोव्याच्या व्हाइसरॉयच्या कमानीखालून गाडी काढली की समोर धक्का. एके काळची राजधानी, साथीच्या रोगांनी माणसं पळाली, शेवटी १८४३ ला राजधानी अधिकृतपणे पणजीला गेली, आणि पाच मिनिटात पलीकडं दिवाडीत शेतं, बगळे, शांत रस्ते. मोठी मोठी घरं, त्यातली निम्मी बंद, रंग उडालेला, गेटला कुलूप. माणसं लिस्बनला, लंडनला, गल्फला, नाहीतर जहाजावर, जहाजावर जाणाऱ्याला इकडं तारवटी म्हणतात आणि लग्नाच्या बाजारात त्याला चांगला भाव असायचा. १९६१ च्या आधी इथं जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज पासपोर्ट मिळू शकतो, मग पोरं थांबतील कशाला. बाहेरून येणारा तो पैसा पण गोव्याच्या इकॉनॉमीत धरायला पाहिजे, चर्चचा रंग आणि कोपऱ्यावरच्या नव्या बंगल्याच्या टाइल्स त्याच्यातूनच येतात. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी इथं बोंदेरांचा उत्सव असतो, वाड्या-वाड्यांमधे हद्दीवरून भांडणं व्हायची म्हणून निशाणं लावली आणि लोकांनी ती पाडायला सुरुवात केली, त्याचा आता सण झालाय. त्या दिवशी फेरीला प्रचंड गर्दी, गाडी न्यायचा विचारपण करू नका.

दिवाडीवरून जुन्या गोव्याकडं परत न जाता नार्वेची फेरी घ्या, हे मी प्रत्येकाला सांगतो. कदंब राजांचा सप्तकोटेश्वर मूळचा दिवाडीचा, त्यांच्या नाण्यांवर त्याचं नाव असायचं. पोर्तुगीजांनी देऊळ पाडलं, लोकांनी लिंग नदीपार डिचोली महालात नेलं, कारण नदीच्या पलीकडं तेव्हा त्यांचं राज्य नव्हतं, आणि तिथं १६६८ ला शिवाजी महाराजांनी देऊळ बांधायला लावलं, शिलालेख आहे. २०२३ ला त्याची डागडुजी करून परत खुलं केलंय. शाळेत आपण हे दोन ओळीत शिकलो. पण फेरीत उभं राहून ते पाणी किती रुंद आहे हे बघितल्यावर कळतं की हद्द म्हणजे काय असते, दगड फेकला तर पोचेल असं वाटतं आणि इकडं एक राज्य, तिकडं दुसरं.

अगदी उत्तरेला केरी-तेरेखोल पण करून या. केरी दोन आहेत, एक सत्तरीत चोर्ल्याच्या पायथ्याला आणि एक पेडण्यात समुद्राजवळ, मॅपवर पेडण्यातली घाला. तेरेखोल हा गोव्याचा तुकडा नदीच्या महाराष्ट्राच्या बाजूला राहिलाय, किल्ला सावंतवाडीकरांचा, १७४६ ला पोर्तुगीजांनी घेतला, १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी तिथं तिरंगा लावला. जमिनीवरून जायचं तर रेडीकडून, म्हणजे सिंधुदुर्गातून, आपल्याच राज्यात जायला दुसऱ्याच्या राज्यातून. नाहीतर फेरी. एवढंच, बाकी व्ह्यू छान.

आता एक गोष्ट बेळगावकर म्हणून बोलायला पाहिजे. ही मांडवी वर म्हादई, आणि ती निघते आमच्या खानापूर तालुक्यातून. म्हादई पाणी लवादाच्या २०१८ च्या निवाड्यात कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी दिलंय, गोव्याला ते मान्य नाही, केस सुप्रीम कोर्टात. दोन्हीकडं सासर-माहेर असलेल्या आमच्यासारख्यांनी काय बोलायचं? आमच्याकडं म्हणतात पाणी समुद्रात वाया जातं. एकदा फेरीतून ही नदी बघून तसं म्हणून दाखवा. वरून गोडं पाणी कमी आलं की समुद्राचं खारं पाणी नदीत अजून आत चढणार, मग खाजनातला भात, मानशीवरची सुंगटं, बेटांवरच्या विहिरी, ओपाच्या प्रकल्पातून पणजीला येणारं प्यायचं पाणी, सगळ्याला हिशोब लागतो. आणि गंमत म्हणजे गोव्याची भाजी येते बेळगावहून, रोज घाट उतरून गाड्या, म्हणजे वरून भाजी आणि पाणी, खालून मासे आणि सुट्टीच्या रूम. भांडून जाणार कुठं.

अर्धा मार्क कापला तो आपल्यासाठी म्हणजे टुरिस्टसाठी. वर्षाला कोटीच्या घरात आपण जातो, २०११ च्या जनगणनेत तिथली माणसं १४ लाख ५८ हजार. रेंटची थार घेऊन रॅम्पवर रील काढत उभं राहायचं, मागं नर्स, मास्तरीण, गॅसवाला ताटकळत, वर हॉर्न आपणच वाजवायचा. संध्याकाळी पाच ते साडेसात चोडण आणि दिवाडीच्या लाइनला ऑफिसवाले घरी जात असतात, त्या वेळात फिरायला म्हणून गाडी घालू नका, दुपारी जा. २०२३ ला दुचाकीला तिकीट लावायचं ठरलं होतं तेव्हा बेटांवरच्या लोकांनी विरोध केला आणि सरकारनं ते मागं ठेवलं, मला विचाराल तर बेटावरच्याला फुकट आणि बाहेरच्या नंबरप्लेटला डबल घ्या, मी देईन.

गाडी बोटीत घातल्यावर हँडब्रेक लावा, गिअरमधे ठेवा, खलाशी सांगेल तिथंच लावा, वाद घालू नका. आधी गाड्या उतरतात मग माणसं की उलटं, ते बाकीचे काय करतात बघून करा. बेटावर पेट्रोल मिळेल असं धरून जाऊ नका, टाकी इकडंच भरा. शेवटच्या बोटीची वेळ लाइनप्रमाणं वेगळी असते आणि नार्वेसारख्या ठिकाणी रात्री अडकलात तर फिरून लांबून यावं लागतं, म्हणून धक्क्यावर उतरल्या उतरल्या पहिलं काम ते विचारायचं. तिथल्या माणसाला कोकणी-मराठी दोन्ही कळतं.